सही मिळाली, होकार अजून मिळायचा आहे

प्रिय मुली,

तुझं पत्र आणि सोबत पाठवलेलं तुझ्या माहितीपटाचं दहा मिनिटांचं फूटेज दोन्ही पाहिलं. शिकागोजवळच्या जोलिएटच्या गोदामांत रात्रपाळी करणाऱ्या तीन बायका बोलायला तयार झाल्या आणि पहिल्याच भेटीत तिघींनी रिलीज फॉर्मवर, म्हणजे चित्रीकरण वापरायच्या परवानगीवर, सह्या केल्या, हे तू किती आनंदानं लिहिलं आहेस! मी मात्र त्या सह्यांपाशीच अडखळले.

फॉर्म इंग्रजीत, बायका स्पॅनिश बोलणाऱ्या. त्यात काय लिहिलंय ते एकीच्या पंधरा वर्षांच्या भाच्यानं उभ्याउभ्या सांगितलं. वकील म्हणेल, काम झालं. मी म्हणेन, अजून सुरूही झालेलं नाही.

माझ्या पहिल्या माहितीपटात मोटेलच्या खोल्या साफ करणारी एक बाई होती. गिऱ्हाइकं उशीखाली ठेवून जातात ती टिप सुपरवायझर आधीच काढून घेतो, असं ती बोलण्याच्या ओघात सांगून गेली. मला ते वाक्य इतकं मोलाचं वाटलं की मी फिल्म त्यावरच संपवली. स्थानिक वाहिनीवर ती दाखवली गेली आणि पुढच्याच आठवड्यात तिच्या कामाचे तास निम्म्यावर आले. तिची सही माझ्या फायलीत होती. मी भेटायला गेले तर तिनं मला एका शब्दानंही दोष दिला नाही, उलट कॉफी करून दिली. रफ कट, म्हणजे फिल्मची कच्ची जुळणी, घेऊन आधी तिच्या स्वयंपाकघरात बसले असते, तर तिनंच सांगितलं असतं की एवढं वाक्य काढ. आणि ते काढूनही फिल्म उभी राहिली असती.

म्हणून तुला अमेरिकन माहितीपटकार फ्रेडरिक वाइझमनच्या ‘टिटिकट फॉलीज’चा इतिहास नीट वाचायला सांगते. १९६७ची फिल्म. मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रिजवॉटरच्या मनोरुग्ण कैद्यांच्या इस्पितळात त्यानं जे पाहिलं ते दाखवलं: नागवी ठेवलेली माणसं, नळीनं जबरदस्तीनं भरवलं जाणारं अन्न. कैद्यांच्या खासगीपणाचं कारण पुढे करून राज्य सरकार कोर्टात गेलं आणि १९९१पर्यंत ती फिल्म सर्वसामान्यांना दाखवता आली नाही. सरकारला कैद्यांपेक्षा स्वतःची अब्रू झाकायची होती, असं माझं ठाम मत आहे. पण ज्या माणसाला आपण कुठे आहोत याचंही भान नाही, त्याचा होकार कुणी द्यायचा? सरकारचा हेतू खोटा होता म्हणून हा प्रश्न खोटा ठरत नाही. तो प्रत्येक फिल्मला नव्यानं सोडवावा लागतो.

‘हूप ड्रीम्स’ तू पाहिली आहेस, पण बास्केटबॉलसाठी. आता पुन्हा पाहा, त्यातल्या आर्थर एजी या मुलाच्या आईसाठी. शिकागोच्या दोन मुलांवर सार्वजनिक टीव्हीसाठी अर्ध्या तासाची फिल्म करायची, एवढंच स्टीव्ह जेम्स आणि त्याच्या दोन साथीदारांनी ठरवलं होतं. चित्रीकरण पाच वर्षं चाललं, सुमारे २५० तासांचं फूटेज जमलं आणि १९९४ साली जवळजवळ तीन तासांची फिल्म लोकांसमोर आली. मधेच एजींच्या घरची वीज तोडली जाते. ते घर अंधारात दिसतं. चित्रीकरण करणाऱ्यांनी बिलाचे पैसे भरून वीज परत आणवली. यावर अजूनही वाद घालणारे भेटतात: दिग्दर्शकानं हस्तक्षेप करावा का? मला या वादाचं नवल वाटतं. ज्यांच्या घरात वर्षानुवर्षं जेवलो, त्यांचे दिवे गेले तर आपण फक्त फोकस जुळवत बसायचं?

त्याच आईनं पुढे नर्सिंग असिस्टंटचा अभ्यासक्रम पुरा केला आणि वर्गात पहिली आली. टाळ्या वाजवायला माणसं थोडी, खोली जवळपास रिकामी, आणि तिच्या चेहऱ्यावरचा तो आनंद. खेळाच्या फिल्ममधला माझ्या लेखी हा सर्वोच्च क्षण. अर्ध्या तासाच्या फिल्ममध्ये तो आला नसता, कारण तेव्हा तो घडलेलाच नव्हता.

मागे मीच तुला म्हटलं होतं की पदवीच्या आत फिल्म संपव, तर तू आनंद पटवर्धनांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ला लागलेली १४ वर्षं मला ऐकवली होतीस. तेव्हा तुझंच बरोबर होतं. मग आता ही घाई कसली?

माहितीपट करणारी बार्बरा कॉपल १९७३ साली केंटकीत हार्लन काउंटीच्या खाण कामगारांच्या संपात गेली आणि त्यांच्यातच राहिली. पहाटेच्या निदर्शनात तिलाही मार बसला. कधी रीळ संपलं तरी ती आणि तिचे साथीदार चित्रीकरण चालू असल्यासारखा कॅमेरा धरून उभी राहत, कारण कॅमेरा दिसला की कंपनीचे गुंड जरा आवरते घेत. रिकामा कॅमेरा! खाण कामगारांचा त्यांच्यावर विश्वास का बसला, ते मला यातून कळतं.

पैशाचं थोडक्यात लिहिते. जुलै २०२५मध्ये अमेरिकन काँग्रेसनं सार्वजनिक प्रसारणाचा सुमारे १.१ अब्ज डॉलरचा निधी रद्द केला. १९८८पासून सार्वजनिक टीव्हीवरच्या ‘पीओव्ही’सारख्या माहितीपटांच्या मालिकेतून आपल्यासारख्यांच्या फिल्म घरोघरी जायच्या. ती वाट अरुंद झाली आहे आणि मला त्याचं मनापासून दुःख आहे. तेव्हा एकाच अनुदानाच्या भरवशावर राहू नकोस.

पण आहे त्या पैशात एक खर्च आधी धर. भाच्याला दुभाषा ठेवू नकोस. फूटेज पुन्हा बघ: मुकादमाबद्दल विचारलंस तेव्हा त्याच्या मावशीनं तुझ्याकडे नाही, त्याच्याकडे पाहिलं आणि विषय बदलला. जे ती त्या पोरासमोर बोलणार नाही, तेच कदाचित तुझ्या फिल्मचा गाभा असेल, किंवा ते फिल्ममध्ये येताच कामा नये असंही असेल. ते तिलाच ठरवू दे. स्पॅनिश येणारी, त्या वस्तीशी नातं नसलेली एखादी बाई रीतसर मानधन देऊन घे, फॉर्म स्पॅनिशमध्ये करून घे आणि येत्या रविवारी कॅमेरा घरी ठेवून तिघींकडे जा. दुभाषी बाईंचं मानधन किती होतंय ते मला कळव. पहिल्या दोन महिन्यांचं मी देईन.

तुझी,
ताई