माकडांनी भुईमूग उपटला, गार्ड म्हणतो पैसे मिळत नाहीत

ताई, तुमचा प्रश्न वाचला. गुहागर तालुक्यात घरामागे भुईमूग नि पावटा केलाय, माकडांची टोळी सकाळी सकाळी येते, वेल मुळासकट उपटून शेंगा खाते नि पाला तिथेच टाकून जाते, वनरक्षकाला फोन केला तर तो म्हणाला "माकडांचे पैसे मिळत नाहीत". जमीन सासरे नि त्यांच्या भावांच्या नावावर सामाईक, आणि दीर म्हणतात आबांची, म्हणजे सासऱ्यांची, शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक आहेच, दोन पाडली की परत येणार नाहीत.

आधी दिरांना थांबवा, आजच. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे हत्यार बाळगायची परवानगी, माकड मारायची नाही, आपल्या कोकणात गावोगाव हा गैरसमज आहे आणि चांगली माणसं त्यात अडकतात. आपल्याकडचं लहान माकड, बॉनेट मकाक म्हणतात ते, 2022 च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये आहे, म्हणजे वाघाच्या यादीत. नुसतं पीक खातो म्हणून या यादीतला प्राणी मारायची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकसुद्धा देऊ शकत नाही. शिक्षा कमीत कमी 3 वर्षं, 7 पर्यंत जाते, वर दंड किमान 25 हजार. फासा लावणं, विष घालणं हे पण शिकारीतच धरतात. त्यात परवाना सासऱ्यांचा नि बंदूक चालवणार दीर, म्हणजे आर्म्स अ‍ॅक्टची केस वेगळी. ओरडून, डबे वाजवून हाकला, त्याला कोणी अडवत नाही.

आता पैशाचं. गार्डने फोनवर नाही म्हटलं म्हणजे सरकारने नाकारलं असं होत नाही. पिकांच्या भरपाईचा 2010 चा शासन निर्णय आहे, त्यात रानडुक्कर, रोही (नीलगाय) यांच्याबरोबर माकडाचं नाव सरळ लिहिलेलं आहे. अडचण वेगळी आहे, नुकसान झाल्यापासून 3 दिवसात कळवावं लागतं आणि बहुतेक अर्ज तिथेच मरतात. मागच्या महिन्यात गेलं त्याचं आता कठीण आहे, ते मी खोटं सांगणार नाही, पण टोळी रोज येतेय ना, मग पुढचं नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो काढा, उपटलेले वेल उचलू नका, आणि लेखी अर्ज घेऊन वनखात्याच्या रेंज ऑफिसला जा, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय निघू नका. सोबत सातबारा, आठ अ, पासबुकची झेरॉक्स, आणि सामाईक जमीन आहे म्हणून बाकी हिस्सेदारांचं संमतीपत्र. त्यातले कोणी काका मुंबईला असतील तर त्यांची सही आत्ताच मागवून ठेवा, 3 दिवसात ती येत नाही. ई-पीक पाहणीत, म्हणजे सातबाऱ्यावरच्या पिकाच्या नोंदीत, भुईमूग लागलाय का तेही बघा, नसेल तर पंचनाम्याला वाद होतो.

तरी नाही म्हणाले तर तो नकार कारणासकट लेखी मागा, मग लोकसेवा हक्क कायद्याखाली 30 दिवसात अपील करता येतं, त्याला वकील लागत नाही.

पंचनाम्याला स्वतः उभ्या रहा, पेरणी तुम्ही केलीय, किती गुंठे गेलं ते तुम्हालाच माहिती. आकडा भरलेला नसेल तर सही करू नका.