आयटीआय टर्नर झालोय. मकरपुऱ्यात थेट सीएनसीवर जाऊ की आधी साध्या लेथवर?

नंदुरबारहून टर्नरचा आयटीआय करून बडोद्याला येताय. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, दोन ठिकाणांहून बोलावणं आहे, एका शेडमध्ये सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारं मशीन) ऑपरेटर आणि दुसरीत जुन्या लेथवर (जॉब फिरवून हातानं कापायचं यंत्र) टर्नर. सीएनसीवाला थोडा जास्त पगार देतोय आणि मित्र सांगताहेत की साधा लेथ म्हणजे मेलेला धंदा. कुठे जावं, असं तुम्ही विचारलंय.

साध्या लेथवर जा. निदान वर्षभर तरी. "मेलेला धंदा" हे ऐकलं की माझं डोकं तापतं, म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

मकरपुऱ्यात पंपांचे शाफ्ट, व्हॉल्व्हचे स्पिंडल, गिअरबॉक्सची कव्हरं असा जॉबवर्कचा माल छोट्या छोट्या शेडमधून निघतो, आणि त्याच्या जोडीला दुरुस्ती असते. नंदेसरी-रणोलीकडच्या एखाद्या केमिकल प्लांटमधला पंप बसला की शाफ्ट टेम्पोत घालून संध्याकाळी शेडच्या दारात येतो. ड्रॉइंग नाही, बेअरिंगची जागा झिजलेली, आणि सकाळी परत हवा. एका नगासाठी प्रोग्रॅम लिहा, जॉब धरणारे जबडे (जॉ) त्याच्या मापाला बोअर करा, टूल सेट करा, यात सीएनसी अडकवणं शेठला परवडत नाही. ते काम साध्या लेथवर, माप घेत घेत होतं. ज्याला ते जमतं त्याला घरून बोलावून नेतात.

तोच शाफ्ट घ्या. बेअरिंग ६२०८, म्हणजे भोक ४० मिमी. सीटला, म्हणजे बेअरिंग बसतं त्या जागेला, के६ फिट (घट्ट बसण्याची ठरलेली मर्यादा) द्यायचा, म्हणजे व्यास ४०.००२ ते ४०.०१८. हातात फक्त १६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग). माल ईएन ८, म्हणजे शाफ्टचं नेहमीचं पोलाद. नवा माणूस रफ कट मारतो, जॉब चटका बसेल इतका तापतो, तशातच तो फिनिश कट घेतो आणि लगेच मायक्रोमीटर लावतो. ४०.०१० दिसतं. एकदम मधोमध! पण पोलाद एका मीटरला एका अंशाने साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं. जॉब मायक्रोमीटरपेक्षा ३५ अंशांनी गरम असेल तर ४० मिमीवर १६ मायक्रॉन फुगलेला असतो. थंड झाल्यावर तीच सीट ३९.९९४ भरते. बेअरिंग हातानं सरकत बसतं, फिटरही खूश होतो. मग आतली रेस शाफ्टवर हळूहळू फिरायला लागते, तपकिरी भुकटी निघते, बेअरिंग तापतं आणि पंप पुन्हा दारात. दोष बेअरिंगच्या कंपनीला दिला जातो.

इलाज सोपा आहे, पण सवयीचा आहे. रफ झाल्यावर व्यासात ०.४ ते ०.५ मिमी ठेवा. कूलंट (थंड करणारं पाणी) चालू करा, दुसरं काम करा, आणि पालथा हात आधी लेथच्या बेडला, मग जॉबला लावून बघा. दोन्ही सारखे लागले की मग फिनिश. मायक्रोमीटर हेडस्टॉकवर (चक फिरवणाऱ्या डोक्यावर) ठेवू नका, दिवसभर चालून तो भाग गरम असतो. मुठीतही धरून ठेवू नका. मे महिन्यात पत्र्याखाली ४२ अंश असतात म्हणून माप येत नाही, असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे. मायक्रोमीटरही पोलादाचा आणि तोही ४२ वरच आहे. दोघं एका तापमानाला असले की वाढ जवळपास कटते. घात होतो तो दोघांतल्या फरकानं.

आता सीएनसीवर हेच काय होतं ते बघा. ऑपरेटर गरम जॉब मोजतो, ०.०१ चा ऑफसेट (मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती) टाकतो, पुढचा नग थंड झाल्यावर लहान निघतो, मग उलटा ऑफसेट. शिवाय सकाळी स्पिंडल थंड, तासाभरानं गरम, तेवढ्यात माप सरकतं. ज्याला हे माहीत नाही तो पाळीभर ऑफसेटच्या मागे धावतो. त्याच्यापुढे मशीन चाळीस लाखांचं असो की दोन लाखांचं, रिजेक्शनचा ढीग सारखाच लागतो.

दुसरी गोष्ट टेपरची, म्हणजे एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक होण्याची. चक आणि टेलस्टॉकच्या (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या आधाराच्या) सेंटरमध्ये लांब शाफ्ट धरून हलका कट मारा आणि दोन्ही टोकांना मोजा. टेलस्टॉककडचं टोक ०.०४ नं जाड आलं तर टेलस्टॉक आपल्याकडे ०.०२ सरकवायचा, कारण व्यासातला फरक त्रिज्येत निम्मा होतो. डायल (सुईचं मापक) लावूनच सरकवा, अंदाजानं ठोकू नका. दोन्ही टोकं सारखी आणि मधे जाड असेल तर टेलस्टॉकचा दोष नाही, शाफ्ट टूलपासून वाकतोय. लांबी व्यासाच्या दहा-बारापट झाली की स्टेडी (मधे आधार देणारी चौकट) लावायलाच हवी. जुना शाफ्ट असेल तर सर्वांत आधी त्याची सेंटरं, म्हणजे टोकांवरची मधली भोकं, बघा. हातोडा खाऊन ती चेपलेली असतात. न झिजलेल्या सीटवर डायल फिरवून जॉब फोर जॉमध्ये (चार जबड्यांच्या चकमध्ये) खरा करा, दुसरं टोक स्टेडीत धरा, सेंटर नीट करून घ्या, मगच सीटला हात घाला. वेल्डिंगनं भरलेली सीट असेल तर शाफ्ट वाकलेला आहे असंच धरून चाला.

फिनिशबद्दल एकच हिशेब लक्षात ठेवा. टूलनं सोडलेल्या रेघेची उंची म्हणजे फीडचा (एका फेऱ्यात टूल सरकतं ते अंतर) वर्ग भागिले नोज रेडियसची (टूलच्या टोकाच्या गोलाईची) आठपट. सीएनएमजी १२०४०८ या इन्सर्टमधले (टूलला लावायच्या कापणाऱ्या तुकड्याच्या नंबरमधले) शेवटचे ०८ म्हणजे ०.८ रेडियस. फीड ०.२ असेल तर रेघ ६ मायक्रॉनच्या वर, फीड ०.१ केलं की दीड. फीड निम्मं, रेघ पाव. एवढं कळलं की एमरी पेपर हातात गुंडाळून फिरत्या जॉबला लावायची वेळच येत नाही, आणि बोटं शाबूत राहतात.

क्रॉस स्लाइडच्या (टूल आत-बाहेर नेणाऱ्या भागाच्या) डायलवर एक रेघ म्हणजे व्यासात किती कमी होतं हे प्रत्येक मशीनवर पहिल्या दिवशी तपासा. काही डायल त्रिज्येचे असतात, काही व्यासाचे. आणि पुढे गेलात तर नुसतं दोन रेघा मागे येऊ नका, पूर्ण एक फेरा मागे घेऊन परत पुढे या, नाहीतर बॅकलॅश, म्हणजे स्क्रूतली ढिलाई, तुम्हाला फसवेल.

या विषयावर माझं आमच्याच धंद्यातल्या लोकांशी जुनं भांडण आहे. "पोरगं आणा, हिरवं बटण दाखवा, आठ दिवसांत ऑपरेटर तयार" असं म्हणणारे शेठ मला पटत नाहीत आणि कधी पटणार नाहीत. तो ऑपरेटर तयार होत नाही, तो दरवाजा उघडून जॉब बदलणारा हेल्पर होतो आणि पाच वर्षांनीही तिथेच असतो. मशीन बदललं की त्याची किंमत शून्य. याच शहरात १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढलं, प्रा. गज्जरांच्या हाती दिलं, आणि कारागिराच्या पोरांना शास्त्र त्यांच्या भाषेत शिकवायला लावलं. हात आणि डोकं एकाच माणसाचं असावं ही समज बडोद्याला तेव्हा होती. आजच्या शेडमालकाला ती नसेल तर आपण का सोडायची? आपल्या मराठी घरांतून पोरगा लेथवर गेला की "मशीनवर लागला" असं आवाज खाली करून सांगतात, तेही मला आवडत नाही.

आता हेही सांगायला हवं की हा सल्ला प्रत्येक शेडला लागू नाही. लेथवाल्या शेडमध्ये फक्त पाइपाचे तुकडे कापायचं आणि फेसिंग मारायचं काम असेल तर वर्ष फुकट जाईल, सरळ सीएनसीवर जा. गोलाई, प्रोफाइल आणि हजार नग सारखे हवेत तिथे सीएनसीला पर्यायच नाही, त्यामुळे वर्षानंतर तिकडे वळायचंच आहे. पण सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, म्हणून वळा. आणि घरी कर्ज असेल, जास्तीच्या पगाराची आत्ताच गरज असेल, तर तो पगार घ्या, त्यात कमीपणा नाही. फक्त सुट्टीच्या पाळीत कोपऱ्यातला लेथ मागून घ्या.

पगाराचा आकडा बोलण्याआधी दोन्ही ठिकाणी तीन गोष्टी विचारा. हजेरी शेठच्या नावावर की ठेकेदाराच्या? पीएफ कापतात का आणि यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) देतात का? ओव्हरटाइम दुप्पट देतात का? कायदा दुप्पटच सांगतो. यूएएन मिळाला की मोबाइलवर पासबुक उघडून दर महिन्याला भरणा बघा, ठेकेदाराच्या तोंडी शब्दावर राहू नका. राहायला तरसाली, माणेजा, मांजलपूर बघा, सायकलनं जाता येतं. पाळीवर जायच्या आधी सेव-उसळ खाऊन जा, दुपारपर्यंत पोट धरतं.

मापाची हत्यारं स्वतःची घ्या, शेडमधली दहा हातांतून गेलेली असतात. पहिल्या पगारात ० ते २५ आणि २५ ते ५० चे दोन मायक्रोमीटर, दुसऱ्यात ०.०१ चा डायल आणि मॅग्नेटिक स्टँड. व्हर्नियर असेलच, पण त्यावर बेअरिंगची सीट सोडू नका. २५ ते ५० बरोबर येणारा २५ मिमीचा सेटिंग पीस हरवू नका. रोज सकाळी तो लावून मायक्रोमीटर बरोबर २५ दाखवतोय ना ते बघा. मिठी मारल्यासारखं आवळू नका, रॅचेट दोन-तीनदा वाजू द्या आणि वाचा. हातमोजे घालून लेथवर उभं राहायचं नाही, चिप आकड्यानं काढायची, आणि चकची चावी चकमध्ये सोडून हात कधीही स्विचकडे न्यायचा नाही.