वजन उतरवताना आठवड्याचा कॅलरींचा कोटा पूर्ण खायचा का?

हो, खा. रोजच्या १५०० कॅलरी धरल्या तर आठवड्याच्या १०,५०० होतात, आणि वजन उतरवणारी तूट (शरीर खर्च करतं त्यापेक्षा कमी खाणं) या आकड्यात आधीच धरलेली असते. त्यातून रोज आणखी ३००-४०० वाचवायला गेलात की गुरुवारपर्यंत भूक अंगावर येते, आणि रविवारी मिसळीबरोबर किती पाव गेले याचा हिशोब राहत नाही. नवीन असताना सगळ्यात जास्त घात होतो तो इथेच.

रविवारी बाहेर खायचं ठरलंय? सोमवार ते शुक्रवार रोज १०० बाजूला ठेवा. जमलेल्या ५०० नेहमीच्या नाश्त्यात मिळवा. मिसळ आणि दोन पाव बिनधास्त खा. पोट खरंच भरलं असेल तर १००-२०० उरू द्या, बळेच संपवू नका.

रोज बरंच उरत असेल, तर आधी मोजमाप तपासा:
- तेल: १५ मिलीचा एक चमचा म्हणजे सुमारे १२० कॅलरी. फोडणी अंदाजाने नको.
- चहा: दोन-दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे नुसत्या साखरेच्याच सव्वाशेच्या वर.
- पोळीवरचं तूप. हे तर हमखास लिहायचं राहतं.

प्रथिनांचं गणित पहिला महिनाभर बाजूलाच राहू द्या. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर मात्र खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला.