हिटलरला संसदेत तोंडावर विरोध कोणी केला होता का?

हो, ओटो वेल्स यांनी. बर्लिनचे, जन्म १८७३चा, भिंतींना वॉलपेपर लावायचं काम शिकलेले, युनियनमधून वर येत १९१९ला सोशल डेमोक्रॅट पक्षाचे अध्यक्ष झाले. पण खरी गोष्ट २३ मार्च १९३३ची, हिटलरला सगळे अधिकार देणारा कायदा पास करायचा होता, संसद तेव्हा जिथे भरत होती त्या क्रोल ऑपेराच्या हॉलमध्ये त्याचे गणवेशातले गुंड उभे, कम्युनिस्ट खासदारांना तर येऊच दिलं नव्हतं, आणि हे उठून सांगतात की आमचं स्वातंत्र्य घ्याल, जीव घ्याल, पण अब्रू नाही! ४४४ विरुद्ध ९४, हरले. पण ते ९४ सगळेच्या सगळे ह्यांच्याच पक्षाचे होते, आणि मला तरी हेच सगळ्यात मोठं वाटतं. पुढे देश सोडावा लागला, आधी प्राग मग पॅरिस, तिथेच १९३९ला वारले.