वाचकांचे प्रश्न : जुन्या संगणकांसाठी हलकी कार्यप्रणाली

प्रश्न : आम्ही काही स्वयंसेवक इतरांनी टाकून दिलेले जुने संगणक दुरुस्त करून गरजूंना देतो. बहुतेकांत २ जीबी रॅम असते, काहींत त्याहून कमी. आम्ही वापरतो त्या लिनक्स वितरणाची (लिनक्सवर उभारलेल्या तयार कार्यप्रणालीची) प्रत्येक नवी आवृत्ती या यंत्रांना पेलवेनाशी होत चालली आहे. म्हणून डेस्कटॉप, फाइल व्यवस्थापक, ब्राउझर आणि टर्मिनल (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) एवढेच असलेली स्वतंत्र ‘मिनिमल’ आवृत्ती काढावी, असा प्रस्ताव विकासकांना पाठवण्याचा विचार आहे. तो कसा मांडावा?

उत्तर : प्रस्ताव जरूर पाठवा, पण स्वतंत्र आवृत्तीची मागणी करू नका. स्वतंत्र आवृत्ती म्हणजे नुसती एक आयएसओ फाइल, म्हणजे जिच्यावरून प्रणाली बसवतात ती प्रतिमा, नव्हे. ती फाइल जाणता माणूस एका दिवसात तयार करील. खरे काम त्यानंतर सुरू होते. प्रत्येक प्रकाशनाआधी ती वेगवेगळ्या यंत्रांवर बसवून तपासावी लागते, एका प्रकाशनातून पुढच्यात जाताना काही मोडत नाही ना हे पाहावे लागते, तक्रारी निस्तराव्या लागतात, आणि हे सारे त्या प्रकाशनाची मुदत संपेपर्यंत वर्षानुवर्षे चालू ठेवावे लागते. त्यामुळे ‘हे करणार कोण?’ हाच विकासकांचा पहिला प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर नसलेले प्रस्ताव कितीही कळकळीने लिहिलेले असले तरी बाजूला पडतात.

याऐवजी एका मेटापॅकेजची मागणी करावी. मेटापॅकेजमध्ये स्वतःचे असे काहीच नसते. कोणती पॅकेजे, म्हणजे बसवण्यासाठी बांधून ठेवलेले प्रोग्राम, बसवायची याची ती केवळ यादी असते. उदाहरणार्थ, डेबियन या लिनक्स वितरणाच्या नेटइन्स्ट प्रतिमेत (बाकीची पॅकेजे इंटरनेटवरून उतरवून घेणाऱ्या छोट्या स्थापना-प्रतिमेत) हलक्या प्रणालीचा पाया तयारच आहे : स्थापनेच्या शेवटी येणाऱ्या निवड-पडद्यावर डेस्कटॉपसमोरची खूण काढली की केवळ मजकुरावर चालणारी प्रणाली उरते, आणि तिच्यावर आइसडब्ल्यूएम किंवा ओपनबॉक्ससारखा साधा विंडो मॅनेजर (पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणारा प्रोग्राम) बसवता येतो. मात्र तिथे एक गोष्ट नवख्यांना हमखास चकवते. एपीटी हे डेबियनचे पॅकेजे बसवणारे साधन प्रत्येक पॅकेजबरोबर त्याची ‘शिफारस केलेली’ पॅकेजेही आपणहून बसवते, त्यामुळे चार गोष्टी मागितल्या की त्यांच्यामागून चाळीस येतात. शिफारशी बंद ठेवून नेमके काय हवे याची यादी तुम्ही तयार केलीत, ती तुमच्या यंत्रांवर चालवून पाहिलीत आणि तिची देखभाल करायला दोन माणसे नावानिशी पुढे केलीत, तर प्रस्तावाचे वजन कितीतरी वाढेल.

दुसरी बाब मोजमापाची. ‘जुने यंत्र’ आणि ‘हलके’ हे शब्द प्रस्तावात मोघम राहू देऊ नयेत. अमुक प्रोसेसर, २ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क, आणि त्यावर सुरू झाल्याबरोबर इतकी व ब्राउझरमध्ये एक ठरावीक पान उघडल्यावर इतकी मेमरी खर्च, असे आकडे द्यावेत. मोजण्यासाठी टर्मिनलमध्ये ‘फ्री’ ही आज्ञा चालवली, तर तिच्या ‘फ्री’ याच रकान्यातला आकडा पाहून घाबरू नये. लिनक्स रिकामी मेमरी डिस्कवरील फाइली हाताशी ठेवण्यासाठी वापरते आणि गरज पडताच सोडून देते. तेव्हा ‘अव्हेलेबल’ हा रकाना ग्राह्य धरावा. या गफलतीवर उभे असलेले प्रस्ताव अनुभवी विकासक पहिल्याच परिच्छेदात ओळखतात.

मोजायला बसाल तेव्हा एक गैरसोयीची गोष्ट तुमच्याही लक्षात येईल. जड डेस्कटॉप काढून हलका बसवल्याने काहीशे एमबी वाचतात, आणि एखादे वजनदार संकेतस्थळ उघडताच तेवढे सगळे खर्ची पडतात. २०१८ साली स्पेक्टर आणि मेल्टडाऊन हे प्रोसेसरमधले दोष उघड झाले, आणि त्याच वर्षी क्रोमने डेस्कटॉपवर प्रत्येक संकेतस्थळ वेगळ्या प्रक्रियेत (प्रोसेसमध्ये) चालवण्यास सुरुवात केली. पुढे फायरफॉक्सनेही तोच मार्ग धरला. सुरक्षिततेसाठी हे आवश्यकच होते, पण त्याची किंमत रॅममध्ये मोजावी लागते. म्हणून तुमच्या यादीत झेडरॅम ही लिनक्समधली सोय असायलाच हवी. ती मेमरीतला मजकूर आकसून (कॉम्प्रेस करून) रॅमच्याच एका भागात ठेवते, त्यामुळे तोच मजकूर डिस्कवर ढकलण्यापेक्षा काम पुष्कळ लवकर होते. फेडोरा या वितरणाने २०२० मधल्या ३३व्या आवृत्तीपासून ती सर्वांसाठीच सुरू केली. (विषयाला थोडे सोडून सांगतो : फिरत्या डिस्कचे मुंडके योग्य जागी पोहोचायला दर वेळी साधारण १० मिलिसेकंद घेते, आणि एसएसडीत असे मुंडकेच नसते. एखादे यंत्र उघडण्याची संधी मिळाली, तर डिस्क बदलून जो फरक पडतो तो कोणत्याही आवृत्तीने पडणार नाही.)

काटछाटीच्या उत्साहात काय ठेवायचे तेही लिहा. वायफायचे फर्मवेअर (ते उपकरण चालण्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर) काढले तर नवख्याला इंटरनेटच मिळणार नाही. डेबियननेही २०२३ मधल्या १२व्या आवृत्तीपासून मुक्त नसलेले फर्मवेअर अधिकृत स्थापना-प्रतिमेत घेतले आहे. फाँट वाचवण्याच्या नादात देवनागरी गेली, तर वाचकासमोर नुसते चौकोन येतील. सुरक्षा अद्ययावतीकरणाला तर हातच लावू नये.

प्रश्न : आमच्याकडे ३२-बिट (आजच्या ६४-बिटच्या आधीच्या पिढीचा प्रोसेसर असलेले) संगणकही आहेत. प्रस्तावात त्यांचाही आग्रह धरावा का?

उत्तर : धरू नये. प्रवाह उलट दिशेने वाहतो आहे : क्रोमने २०१६ सालीच ३२-बिट लिनक्सला रजा दिली, उबुंटूने १७.१० पासून ३२-बिट डेस्कटॉप प्रतिमा बंद केली, डेबियनच्या २०२५ मधल्या १३व्या आवृत्तीत त्यासाठी स्थापना-प्रतिमा नाही, आणि फायरफॉक्सनेही १४५व्या आवृत्तीपासून ३२-बिट लिनक्स सोडले. ब्राउझरच उरला नाही, तर प्रणाली चालती ठेवून करायचे काय?

मात्र एखादे यंत्र ३२-बिट आहे असे मानण्यापूर्वी खात्री करून घ्यावी. पूर्वी त्यावर ३२-बिट विंडोज होते, एवढ्यावरून काहीच ठरत नाही, कारण ६४-बिट प्रोसेसरवरही ३२-बिट विंडोज सर्रास घातले जाई. ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा प्रोसेसर कोणत्या पद्धतीने चालू शकतो ते सुरुवातीलाच सांगते. इंटेलचे कोअर २ प्रोसेसर २००६ पासून ६४-बिट आहेत. खरी अडचण त्याआधीच्या यंत्रांची आणि ॲटम एन२७० असलेल्या छोट्या नेटबुकांची असते.

प्रश्न : पपी, टायनी कोअर, अँटीएक्स अशी हलकी वितरणे असताना नव्या खटाटोपाची गरज काय?

उत्तर : पुष्कळदा नसतेच. पण प्रत्येकाचा हेतू वेगळा आहे. टायनी कोअर अवघ्या काही एमबींत मावते, पण ब्राउझरसह बाकी सगळे नंतर आपणच जोडायचे असते. पपी पूर्णपणे रॅममध्ये चालू शकते आणि बिघडलेल्या संगणकातून फाइली वाचवायला उत्तम आहे. मात्र तिथे वापरकर्ता आपसूक रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणूनच वावरतो, म्हणून अनोळखी घरात रोजच्या वापरासाठी मी ती देणार नाही. अँटीएक्स डेबियनवर आधारलेले आहे, सिस्टमडीशिवाय (बहुतेक वितरणांत प्रणाली सुरू करून तिच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामशिवाय) चालते आणि डेबियनच्या भांडारांतून नेहमीची पॅकेजे घेते. प्रस्तावावर निर्णय होईपर्यंत तुमच्या ६४-बिट यंत्रांवर तेच बसवावे. संगणक देतानाच अद्ययावतीकरण कसे करायचे ते समोर बसून एकदा करून दाखवावे, कारण अँटीएक्सच्या पडद्यावरचे साधे मेन्यू नव्या माणसाला ते आपणहून सुचवतीलच असे नाही.