तालमीत जाणाऱ्या पोराचं गजकर्ण परत परत का येतं?

मुलगा कोल्हापुरात तालमीत जातो, मलम लावलं की गजकर्ण जातं आणि पंधरा दिवसांत परत येतं, हे मातीमुळे का, असं विचारलंय.

तांबड्या मातीला उगाच बोल लावू नका. ही बुरशी बहुतेक वेळा माणसाकडूनच माणसाला लागते, आणि कुस्तीत तर अंगाला अंग घासतं.

बुरशी ना झाड, ना प्राणी. ती पाचकरस बाहेर सोडते आणि विरघळलेलं शोषून घेते. शिळ्या भाकरीवर तेच, जांघेतही तेच. गजकर्णाची बुरशी कातडीच्या वरच्या मेलेल्या थरातलं केराटिन नावाचं प्रथिन खाते आणि कडेकडेनं पुढं सरकते, म्हणून कड लाल, खाजरी आणि मधलं कातडं साफ दिसतं.

आता ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन किंवा क्लोबेटासॉल दिसलं तर ते स्टेरॉइड. खाज दोन दिवसांत थांबते, घरचे खूश. पण शरीराचा प्रतिकार दबतो आणि बुरशी आरामात पसरते. माझ्या मते निम्मं दुखणं इथंच आहे.

दुसरं कारण लंगोट. पंचगंगा फुगलेली असते त्या दिवसांत काही वाळत नाही, आणि पोरं दमट लंगोटच परत कसतात. दोन-तीन जोड ठेवा, इस्त्री फिरवा, टॉवेल वेगळा.

त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. घरात अजून कुणाला खाज असेल तर त्यालाही सोबत न्या. डाग गेला तरी डॉक्टर सांगतील तितके दिवस औषध चालू ठेवा.