बाजार स्टेशनाला लागून का नाही?

प्रश्न : ठाणे स्टेशन इतकं जुनं, तरी मोठा बाजार जांभळी नाक्याला का? हा भाग पायी बघायचा तर कुठून सुरुवात करावी?
– एक वाचक, कळवा

उत्तर : बाजार स्टेशनाच्या आधीचा आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ३४ किलोमीटर अंतर कापून पहिली गाडी ठाण्यात आली, तेव्हा मासुंदा तलावाच्या काठाने गाव केव्हाच नांदत होतं. शिलाहार राजांचं श्रीस्थानक ते हेच. मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगिजांकडून ठाणं घेतलं आणि १७६० मध्ये सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी कौपिनेश्वराचं देऊळ नव्याने बांधलं. तलावाच्या पूर्वेला देऊळ, त्यापलीकडे किल्ला, मग खाडी. गिऱ्हाईक या टापूतलं, म्हणून दुकानंही इथेच. रेल्वे आली तेव्हा रस्त्याला या बाजारापर्यंत जावं लागलं. बाजार उठून स्टेशनाकडे आला नाही. ठाण्याचा नकाशा समजायला एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरते.

पायी निघताना पश्चिमेला बाहेर पडा. इथेच बरेच जण चुकतात: पादचारी पुलावरून थेट सॅटिसवर, म्हणजे स्टेशनाबाहेरच्या उंच पुलावर येतात. तिथे बसथांबे आहेत, तुम्हाला खालचा रस्ता हवा. खाली उतरून जांभळी नाक्याची वाट विचारा. गोखले रोडला लागलात तर नौपाड्यात पोचाल. रमतगमत पंधरा मिनिटं धरा.

कौपिनेश्वरात शिवलिंग नीट बघा, चार फुटांहून उंच आहे. मग तलावपाळीला, म्हणजे मासुंदाच्या काठाने, पूर्ण फेरी मारा. पश्चिमेच्या अंगाला पोर्तुगीज काळातलं सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्च आणि काठावरच १९७८ सालचं गडकरी रंगायतन. देऊळ, चर्च, नाट्यगृह एकाच पाण्याभोवती, हे ठाण्याचं खरं वैभव आहे.

शेवटी कोर्ट नाक्यावरून किल्ल्याकडे जा, पण तिथे आजही मध्यवर्ती कारागृह आहे. आत सोडत नाहीत, भिंतीचे फोटोही काढू नका. १९ एप्रिल १९१० रोजी क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना इथेच फाशी दिलं. बाहेरच्या रस्त्यावर क्षणभर थांबावं.

सकाळी आठच्या आत निघा. पाडवा, गणपती, दसऱ्याच्या आदल्या दिवशी मात्र नको, नाक्यावर पाऊल ठेवायला जागा नसते.